मक्याचा पहिला पिक

मरायला टेकलेल्या मित्राला मी ट्रेडमध्ये लुटलं.

वर त्याचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकून लिहिलं, "गिऱ्हाईक सापडलं!"

मक्याने त्यावर अंगठा दिला होता.

आज मकरंदला जाऊन एक वर्ष झालं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आम्ही ब्रिटनमधली सहा मराठी टाळकी, कोणी हाउन्सलोला, कोणी मेडनहेडला, एक तर पार एडिनबराला. आणि वेड कशाचं, तर कॅनडा-अमेरिकेतल्या आइस हॉकीचं. क्रिकेट सोडून हे काय, असं आमच्या बायका अजून विचारतात. दोष मक्याचा. इकडे यायच्या आधी तो टोरंटोत प्रोजेक्टवर होता. तिथून हा रोग घेऊन आला आणि सगळ्यांना लावला.

आमची फॅन्टसी लीग आहे. खेळाडू खरे, टीम आपापल्या मनातल्या; ते मैदानात जसे खेळतील तसे आम्हाला गुण. प्रत्येक टीमच्या पगाराला कॅप, म्हणजे अंथरूण पाहून पाय पसरायचे. जो शेवटचा येतो त्याला पुढे नव्या पोरांमधून पहिला पिक, म्हणजे पहिलं नाव निवडायचा मान.

मॅचेस राहू देत, आमची खरी मारामारी ऑफसीझनला. कोण कोणाला विकतोय, कोणाची कॅप किती उरली, कोणी अक्कल गहाण टाकली. ऑफिसच्या मीटिंगमध्ये म्यूटवर बसून आम्ही हे करायचो.

त्यात मक्या म्हणजे रीबिल्डचा महंत.

"दोन वर्षं थांब रे," हे त्याचं उत्तर कशालाही. चांगला चाललेला खेळाडू विकायचा आणि फिनलंडच्या कुठल्यातरी पोरावर नजर ठेवून पिक घ्यायचा. दरवर्षी शेवटून दुसरा. जिंकणं तर नाहीच, पहिला पिकही नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं.

आणि हाच मक्या दोन उन्हाळ्यांपूर्वी माझ्याकडे बार्बेक्यूला आला. कणसं भाजता भाजता म्हणाला, "विन्या, तुझा तो सेंटरला खेळणारा म्हातारा मला दे."

"अरे गुडघे गेलेत त्याचे. पगार बघितलास? अख्खी कॅप खाईल तुझी."

"खाऊ दे. मला या वर्षी जिंकायचंय."

"आणि मला काय?"

"दोन वर्षांनंतरचा माझा पहिला पिक घे."

मी हातातलं कणीस खाली ठेवलं. दोन वर्षं थांब म्हणणारा माणूस नेमकी दोन वर्षांनंतरचीच गोष्ट देऊन टाकत होता. मी मित्र असतो तर विचारलं असतं, काय झालं रे?

मी विचारलं, "नक्की ना? मग शब्द फिरवायचा नाही हां."

त्याच्या आजाराचं निदान तेव्हा झालेलं होतं. त्याला माहीत होतं आणि अदितीला, त्याच्या बायकोला. आम्हाला कोणालाच नाही.

तो म्हातारा सेंटर त्या वर्षी जीव तोडून खेळला. मक्या पहिल्यांदा फायनलला आला. समोर मी. शेवटच्या दिवशी मी गोलकीपर बदलला आणि निसटता जिंकलो.

लगेच मक्याचा फोन. "भारी खेळलास, हलकटा." बोलताना त्याला दम लागत होता.

मी म्हणालो, "रडू नकोस. दोन वर्षं थांब."

जूनमध्ये त्याने ग्रुपवर लिहिलं, "मंडळी, मला इंज्युरी लिस्टवर टाका. लाँग टर्म."

आम्ही पाचही जणांनी हसणारे चेहरे टाकले.

मग त्याने एकेकाला फोन केला. पहिला मला.

सप्टेंबरात तो गेला. त्याची टीम लीगमधून काढायची नाही असं आम्ही ठरवलं. आहे तशी ठेवली. पण जखमी झालेला खेळाडू बदलायला मालक कुठे होता? ती शेवटची आली. आणि शेवटच्या टीमचा पहिला पिक.

तो माझ्याकडे आहे.

या एप्रिलमध्ये ॲपवर नोटिफिकेशन आलं: पहिला पिक तुमचा. मी ऑफिसच्या किचनमध्ये मोठ्याने "येस!" म्हणून ओरडलो. मग तो कोणाचा, ते वाचलं.

लाज वाटते हे लिहिताना. पण ओरडलो होतो.

मागच्या शनिवारी मेडनहेडला अदितीकडे गेलो. म्हटलं, "हा पिक मक्याच्या टीमला परत देतो. टीम तू चालव, नाहीतर तू सांगशील त्याला देऊ."

"तो म्हणालाच होता, तू येशील म्हणून," ती म्हणाली. "आणि घेऊ नकोस असं बजावून गेलाय. म्हणाला, आयुष्यभर उद्याचा विचार करत खेळलो. एकदाच सगळं आजच्या दिवसावर उधळलं. ती मजा विन्याला परत करू देऊ नकोस."

मला जरा हलकं वाटलं. ते तिला दिसलं असावं.

"हे त्याचं झालं. आता माझं ऐक. त्या फायनलला तू हरला असतास तर बरं झालं असतं, विनायक."

चहा तसाच निवला. तिनेही घे म्हटलं नाही.

रविवारी ड्राफ्ट आहे, म्हणजे नव्या पोरांची निवड. पहिलं नाव मी घेणार. सगळे सांगतायत, तो गोल मारणारा पोरगा घे, याच वर्षी जिंकून देईल.

नाही घेणार. मक्या, तुझ्या पद्धतीने एक डिफेन्समन घेतोय, अजून मिसरूडही न फुटलेला. तयार व्हायला त्याला दोन वर्षं लागतील.

मी थांबतो.

मला माहीत नव्हतं हे खरं आहे. पण मी विचारलंही नव्हतं. त्या दिवशी कणीस खाली ठेवलं तेव्हा विचारायला हवं होतं रे.

माफ कर. जा सुखाने.

तुझा,
विन्या