रोवण्यातली चाचणी

"आधी निष्कर्ष सांगा, गुरुजी. समस्या मंग शोधू."

असं म्हणून ते खुर्चीत मागे रेलायचे आणि करंगळीने कान खाजवायचे. ते आमचे केंद्रप्रमुख, सालेकसा तालुक्यातल्या आमच्या भागातल्या शाळा त्यांच्या हाताखाली. ते वारले तेव्हा शोकसभेत मी चार बरे शब्द बोललो. ते खोटे होते. मला त्या माणसाची किळस यायची.

कृतिसंशोधन ही खरं तर साधी गोष्ट. आपल्या वर्गात कुठं अडतं ते शिक्षकाने पाहायचं, एखादा उपाय करून बघायचा आणि फरक पडला का ते खरं खरं लिहायचं. साहेबांनी त्यातलं 'खरं खरं' तेवढं गाळलं होतं. पहिली चाचणी ते धानाच्या रोवण्यात, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत, घ्यायला लावत. पहाटेपासून बांधीतला चिखल तुडवून आलेली पोरं वर्गात पेंगायची आणि शून्य मिळवायची. दुसरी चाचणी दिवाळीनंतर, पेपर तोच. मधले महिने तो घोकून घ्यायचा. उपाय कोणताही लिहा, प्रगती ठरलेली. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपण त्याला हुशार म्हणतो.

माझा वर्ग तिसरीचा. गाव कचारगडच्या बाजूचं, घरोघरी गोंडी. पोरं धडा घडाघडा वाचत, अर्थ विचारला की खाली बघत. मी ठरवलं, वाचताना शब्द कळला नाही तर त्यावर बोट ठेवून थांबायचं आणि सगळ्यांना विचारायचं. बरेच दिवस कुणी थांबलंच नाही. मग एकदा फुलवंता नावाच्या मुलीने 'पाणवठा'वर बोट ठेवलं.

"हे काय जी, गुरुजी?"

मी तोंड उघडायच्या आत मागून कुणीतरी ओरडलं, "जिथं येर भरतेत ना, थे!" गोंडीत पाण्याला येर म्हणतात. फुलवंता म्हणाली, "मंग तसं लिवाले का झालं होतं पुस्तकवाल्याले?" वर्ग खो खो हसला. त्यानंतर पोरं दर ओळीला थांबू लागली, भांडू लागली. वाचन मात्र मंदावलं. चाचणीत पेपर अर्धाच झाला, गुण घसरले. मी तसंच लिहून साहेबांना दिलं.

"काऊन गुरुजी, आपल्याच पायावर कुऱ्हाड मारून राहिले? याले संशोधन नाही, रडगाणं म्हणतात."

"पण साहेब, पोट्टे बोलून राहिले आता."

"बोलण्याचे मार्क कोणत्या रकान्यात भरू?"

मी मान डोलावून अहवाल परत घेतला. मान डोलावणं मला छान जमतं.

पुढच्या रोवण्यात, पोरं चौथीत गेली तरी माझ्याकडेच असताना, ते स्वतःच पेपर घेऊन आले. फुलवंताच्या पोटऱ्यांवर चिखल वाळला होता. ती पेपरवर डोकं ठेवून झोपली. मी उठवायला निघालो, तर साहेबांनी मनगट धरलं.

"झोपू द्या. हे शून्य सोन्याचं आहे."

मी जागेवर येऊन बसलो. मग दिवाळीपर्यंत घोकंपट्टी. बोट ठेवून थांबायला वेळ उरला नाही. मीच 'पुढं चल' म्हणायचो. दिवाळीनंतर तिचे जवळपास पैकीच्या पैकी आले. अहवालावर सही माझी, जिल्ह्यात कौतुक माझं. त्याच्या प्रती नमुना म्हणून साहेबांनी सगळ्या शाळांत वाटल्या.

कौतुकाच्या कार्यक्रमाहून परतताना टपरीवर चहा घेत ते म्हणाले, "माझं पहिलं संशोधन खरं होतं, गुरुजी. भर सभेत हसले लोक." आणि बशीतला चहा फुंकत राहिले. तेव्हा मला दया आली नाही. आता कधी कधी येते, आणि तीही नकोशी वाटते.

ते निवृत्त झाले तेव्हा फुलवंता सातवीत होती. मानपत्र वाचायला मीच तिला पुढे केलं. तिच्याइतक्या सफाईने आमच्याकडे कुणी वाचत नसे. ज्ञानतपस्वी, कृतार्थ, ऋणानुबंध... पोरगी कुठे अडखळली नाही, कुठे थांबली नाही. साहेबांनी डोळ्यांना रुमाल लावला.

हारतुरे घेऊन त्यांची गाडी गेली. लोक पांगले. मी तिला विचारलं, "ऋणानुबंध म्हणजे काय गं?"

ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली,

"पुन्हा वाचून दाखवू का जी, गुरुजी?"