बांगडीची दुसरी बाजू

सुमनताईनं मला जाऊ दिलं, हे आधी सांगतो. बाकीचं त्याच्या मागनं.

पळसदरी स्टेशनवर त्या सकाळी माझ्या हातात होती ती बॅग तिचीच. नर्सिंगच्या कोर्सला पुण्याला जायचं म्हणून घेतलेली. तेवढ्यात आमच्या वडिलांचं, आप्पांचं, एक अंग लुळं पडलं. आईला एकटीला ते उचलेनात. कुणी तरी घरी राहणं भाग होतं. मी नववीतच शाळा सोडून साजगावच्या कारखान्यात गॅसच्या पाइपलाइनवर लागलो होतो, तिथल्या ओळखीनं बंगळूरच्या लॅबचं बोलावणं आलं. ताई म्हणाली, "मी हाय ना हितं. तू जा रं. तिकडची आमटी गोड असती म्हणं, गपचूप खा."

इथं लॅबमध्ये यंत्र बर्फाहून कितीतरी गार ठेवायला मी त्यात द्रवरूप हेलियम भरतो. अजून धाकधूक असते. माझं चुकलं तर दुसऱ्यांची मेहनत वाया. एवढ्या थंडीत बघता काय, असं एकदा प्रयोग करणाऱ्या मॅडमना विचारलं. त्यांनी हातातली बांगडी काढून टेबलावर ठेवली. म्हणाल्या, अशीच रिंग, पण डोळ्यांना न दिसणारी. इलेक्ट्रॉन लाटेसारखा दोन्ही बाजूंनी जातो आणि पलीकडं स्वतःलाच भेटतो. त्याचा स्पिन असतो भोवऱ्याच्या आसासारखा, चुंबकाच्या ओढीनं वाटेत कलत, फिरत जातो. शेवटी पहिल्यासारखा उभा राहिला तरी एक खूण उरतेच. किती वेळ लागला याची नाही, कसल्या वळणांनी आला याची. दोन्हीकडच्या लाटा जुळल्या तर जोर वाढतो, नाही तर एकमेकींना पुसून टाकतात.

मी मान हलवली. डोळ्यांपुढं आमचं दार होतं.

सुट्टीत गेलो की आई उंबऱ्याबाहेर थांबवायची, भाकरतुकडा ओवाळून टाकायची, मगच आत घ्यायची. ती गेली तेव्हा मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. तरी सवयीनं दारात उभा राहिलो. ताई म्हणाली, "आत ये रं. पाव्हना हायस का?" मग आप्पांच्या खाटेच्या दोन बाजूंना दोघं बसलो. तिकडचं सांगितलं तर तिला तिचं राहून गेलेलं आठवेल, अशी मला भीती वाटत होती, इकडचं ती सांगत नव्हती.

घर म्हटलं की आता मला तो उंबराच दिसतो. ताई, एक दिवस मी येईन, आप्पांना मी उठवीन-बसवीन. तुझी बॅग घेऊन तू जा, पाहिजे तिकडं. परत आलीस की दारात थांब. भाकरतुकडा मी ओवाळीन.