साडूंनी घेतलेला कॅमेरा

न्यूझीलंडमध्ये कॅमेऱ्यावर सगळ्यात जास्त बोललेला आणि कॅमेऱ्याने सगळ्यात कमी फोटो काढलेला माणूस कोण, असं कुणी विचारलंच तर फार लांब शोधायला नको. ते ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागात, आमच्या मागच्या गल्लीत राहतात आणि माझे साडू आहेत. माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचे यजमान. मी थोरला म्हणून ते मला दादा म्हणतात, आणि त्या थोरलेपणाचा मान राखून डीएसएलआर कॅमेऱ्यांबद्दलची प्रत्येक नवी माहिती सगळ्यांच्या आधी मला सांगतात. हा मान दुसऱ्या कुणाला द्यावा म्हणून मी पुष्कळ प्रयत्न केले, पण घेणारा भेटला नाही.

साडू इस्पितळात फार्मासिस्ट आहेत. औषधाच्या खोक्यातला तो घडीघडीचा बारीक अक्षरांचा कागद असतो ना, जो आपण सगळे न उलगडता फेकतो, तो संपूर्ण वाचणारा मी पाहिलेला हा एकमेव माणूस. कॅमेऱ्याचंही त्यांनी तसंच केलं. कुठल्या बॉडीवर, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यावर, कुठली लेन्स बसते, कुठली बसते पण चालत नाही, कुठली चालते पण परवडत नाही, हे सगळं त्यांना तोंडपाठ. बेत असा की बॉडी जुनी, साधी घ्यायची आणि वाचलेले पैसे लेन्समध्ये घालायचे. "दादा, बॉडी बदलते, लेन्स राहते," हे वाक्य ते भजनाच्या आवाजात म्हणतात. ऑकलंडातल्या निम्म्या मराठी घरांतले कॅमेरे त्यांनी निवडून दिलेले आहेत. बारसं असो की मुंज, कुणी नवखा भेटला की त्याला कोपऱ्यात घेऊन पहिला धडा द्यायचा: "जुनी लेन्स स्वस्तात मिळते म्हणून भुलू नका. स्वस्त बॉडीत फोकसची मोटर नसते. लेन्स बसेल, पण आपोआप फोकस होणार नाही. आधी मोटर विचारा." लोक मोटर विचारत, कॅमेरा घेत, फोटो काढत. साडू मात्र घेत नसत. नवं मॉडेल आलं की जुनं उतरेल, नाताळानंतरच्या बॉक्सिंग डेच्या सेलला आणखी उतरेल, आणि आता तर सगळी दुनिया नव्या मिररलेस कॅमेऱ्यांच्या मागे पळतेय म्हटल्यावर डीएसएलआर काय, लोक घरी आणून देतील, असा त्यांचा हिशेब. घरी कुणी आणून दिला नाही.

कॅमेरा नव्हता, पण बॅग होती. बॅग चांगल्यापैकी सवलतीत मिळाली म्हणून त्यांनी आधीच घेऊन ठेवली होती. आत मऊ कप्पे, वर पावसाचं आवरण, बाजूला ट्रायपॉडचा पट्टा. ती रिकामी कशी न्यायची, म्हणून पिकनिकला तिच्यातून डबे येत. पिहाच्या किनाऱ्यावर साडू वाळूत मांडी घालून बॅगेची चेन हळूच उघडत, आजूबाजूचे गोरे लोक आता मोठी लेन्स निघणार म्हणून माना वळवत, आणि आतून दशम्या निघत. लेन्सच्या कप्प्यात शेंगदाण्याच्या चटणीची डबी इतकी नेमकी बसे की कंपनीने ती माप घेऊनच शिवली असावी. यात आपलं काही चुकतंय असं साडूंना कधी वाटलं नाही. मेहुणीला वाटे, पण तिने बोलणं सोडून दिलं होतं.

अशात मिरजेहून सासूबाई आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना, साखर कमी झालीय हे सांगावं तितक्या सहज त्या म्हणाल्या, की इथे आहे तोवर माझा एक चांगला फोटो काढून ठेवा, भिंतीवर लावायला. दोघी मुलींनी एकदम अगं आई करून तोंडं फिरवली. पण त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. सासरे गेले तेव्हा घरात त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. शेवटी कुणाच्या तरी लग्नातल्या गर्दीतून त्यांना कापून मोठं करून आणलं. चेहरा ठीक आला, पण त्यांच्या खांद्यावर कुणाचा तरी हात होता, तो तसाच राहिला. कुणाचा हात, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. सासूबाई रोज त्या हातालासुद्धा हार घालत आल्या आहेत. म्हणून त्यांची एवढीच अट होती की आपला फोटो स्वच्छ यावा आणि त्यात दुसऱ्या कुणाचा हात नसावा.

माझी बायको म्हणाली, त्यात काय, आत्ता फोनवर काढते. साडूंनी कप खाली ठेवला. फोनवर काढलेला फोटो भिंतीएवढा केला की माणूस मेणाचा दिसतो, असं त्यांनी फार दुःखाने सांगितलं आणि आईंचा फोटो मीच काढणार, तोही नीट कॅमेऱ्याने, असा शब्द दिला. सासूबाईंना आनंद झाला. आम्ही त्यांच्या परतीच्या तिकिटाची तारीख बघून घेतली.

मग सुरू झाली निवड. आधी बॉडी ठरे, मग तिला लेन्स सापडत नसे. लेन्स सापडली की तिला चालणारी बॉडी बजेटबाहेर जाई. रोज रात्री जेवणावर साडू नवी जोडी जमवत आणि सकाळी मोडत. सासूबाई इतकी स्थळं तर मुलींच्या लग्नातही बघितली नाहीत म्हणाल्या, पण त्याही हळूहळू त्यात रमल्या. सँडरिंगहॅमच्या देशी दुकानात कोथिंबीर निवडता निवडता त्या साडूंशी पंच्याऐंशी एमएमची लेन्स बरी की पन्नासची, यावर बोलत. मिरजेच्या बहिणीला फोनवर सांगताना मी ऐकलं: "फुल फ्रेम घ्यायची म्हणतात, पण परवडत नाही गं." बहिणीने काय समजून घेतलं देव जाणे. उन्हाळा सरला, हिवाळ्याचं वारं सुटलं, सासूबाईंच्या बॅगा बाहेर निघाल्या, तरी फोटोचा पत्ता नाही. तेव्हा मेहुणीने एक दिवस शांतपणे सांगितलं की मी मॉलमधल्या स्टुडिओत वेळ घेतेय. साडू काही बोलले नाहीत. अख्खी संध्याकाळ बोलले नाहीत, आणि मला पहिल्यांदाच त्यांची काळजी वाटली. एरवी गप्प बसवावं लागणारा माणूस आपण होऊन गप्प बसला की घर ओकंबोकं वाटतं.

दुसऱ्या दिवशी ते मला गाडीत घालून पापाकुराला घेऊन गेले. तिथे एका म्हाताऱ्या गोऱ्या गृहस्थांकडून त्यांनी जुनी बॉडी घेतली. गृहस्थ इथल्या पद्धतीने स्वीट अ‍ॅज, म्हणजे झकास, म्हणाले, साडू थँक यू म्हणाले, घासाघीस नाही, काही नाही. माझा विश्वास बसेना. लेन्सही रात्रीच मागवली होती, साऊथ आयलंडहून कुरिअरने. फिल्मच्या जमान्यातली, माणसांचे चेहरे काढायची, वजनदार. ती आली सासूबाई निघायच्या आदल्या दिवशी. साडूंनी हात धुऊन ती बॉडीवर चढवली. खट् करून बसली. बटण दाबलं. काहीच फिरलं नाही. पुन्हा दाबलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बघून मलाच कळलं. निम्म्या ऑकलंडला मोटर विचारायला सांगणारा माणूस स्वतः मोटर विचारायला विसरला होता.

मी हसणार होतो, पण हसवलं नाही. साडू म्हणाले, "दादा, हाताने फिरवीन." आणि बाहेर गेले.

आमच्या मागच्या अंगणात, लिंबाच्या झाडापाशी, खुर्ची मांडली. सासूबाई ठेवणीतलं इरकल नेसून आल्या आणि पासपोर्टला बसतात तशा बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडावा म्हणून माझी बायको पांढरी चादर ताणून उभी राहिली. साडू चष्मा कपाळावर सरकवून लेन्सची कडी कणाकणाने फिरवू लागले. फोकस जमला की वारा येई. वारा पडला की ढग येई. "आई, हलू नका," ते म्हणत. "हलत नाहीये, श्वास तेवढा घेतेय," असं सासूबाई ओठ न हलवता सांगत. एकामागून एक सगळे फोटो पुसट. ऊन उतरत चाललं, चादर धरून बायकोचे हात भरून आले. सासूबाईंची पाठ वाकली, पासपोर्टचा आव गळून पडला, बाई दमल्या. वाऱ्याने त्यांची एक बट डोळ्यावर आली, ती सारायला मेहुणी पुढे झाली आणि तिने आईच्या गालाला हात लावला. सासूबाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिलं. किती गार पडलेत गं हात तुझे, असं काहीतरी म्हणाल्या. तेवढ्यात खट् झालं.

साडू स्क्रीनकडे पाहत राहिले. मोठं करून पाहिलं, आणखी मोठं करून पाहिलं. पापणीचा केस न् केस दिसत होता. चेहरा असा की मिरजेच्या घरात शिरल्यावर आई जशी दिसते तशी. फक्त गालावर हात होता. साडू घाईघाईने म्हणाले की काळजी करू नका, तुमची अट माझ्या लक्षात आहे, कॉम्प्युटरवर तो हात काढून टाकतो.

सासूबाईंनी कॅमेरा मांडीवर घेतला आणि बराच वेळ बघितलं. "हात राहू दे जावईबापू," त्या म्हणाल्या. "ह्यांच्या फोटोतला हात कुणाचा, ते मला जन्मभर कळलं नाही. हा माझ्या लेकीचा आहे." मेहुणी रडली. मीही वेगळं काही केलं नाही. उजेड आपल्या चादरीचा आहे, हे माझी बायको अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

सासूबाईंनी मिरजेला गेल्यावर तो फोटो सासऱ्यांच्या शेजारी स्वतःच लावून घेतला. खिळा आत्ताच मारलाय, नंतर तुमची धावपळ नको, असं फोनवर सांगितलं. गुडघे आता विमानाला तयार नाहीत, हेही त्याच फोनवर सांगितलं. साडूंच्या बॅगेत हल्ली कॅमेरा असतो, त्यामुळे पिकनिकला चटणी पिशवीतून येते. रविवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जमून मिरजेला व्हिडिओ कॉल लावतो. सासूबाई कौतुकाने फोन भिंतीकडे वळवतात, आणि साडू दर वेळी म्हणतात, "फोटो असू द्या आई, तुम्ही दिसा." मग त्या फोन आपल्याकडे फिरवतात. तिकडची रेंज यथातथाच, उजेड मागून, अर्धी हनुवटी कापलेली, चेहरा सगळा पुसट. फोनच्या कॅमेऱ्याला उभं आयुष्य नावं ठेवणारा हा माणूस खुर्ची पुढे ओढून तेवढं पाहत बसतो, आणि एक अक्षर बोलत नाही.