मेला तर सांगजो

आमच्या वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्रात जनावरासमोर बोलायला बंदी होती. नव्याने कामाला येणाऱ्यांना हा नियम जड जायचा. मला गेला नाही. चंद्रपूरला मी इंग्रजी शाळेत शिकले. घरी मराठीच बोलायचे, पण चार माणसांत तोंड उघडलं की वाक्याच्या मध्येच एखादा इंग्रजी शब्द येऊन बसायचा आणि समोरचा हसायचा. मग मी कमी बोलू लागले, आणि लोक मला गर्विष्ठ म्हणू लागले. पिंजऱ्यांच्या त्या बाजूला मात्र कुणालाच बोलायचं नव्हतं. पहिल्यांदाच मी कुठेतरी बरोबर वागत होते.

तो आम्हाला कुरखेड्याच्या पुढच्या एका गावात मिळाला. तलावाच्या पाळीवर मारुतीचं देऊळ, त्याच्या खांबाला बांधलेला. काळ्या तोंडाचा वानर, अजून पुरता वाढलेला नव्हता. त्याची आई विजेच्या तारेला चिकटून मेली होती. गावाने तिची भजन म्हणत अंत्ययात्रा काढली होती, तेरवी केली होती, गावजेवण घातलं होतं आणि देवळाशेजारी तिच्या नावाने ओटाही बांधला होता. पिल्लू तिच्या पोटाला घट्ट धरून होतं. ते सोडवून घेतलं ते देवळालगत राहणाऱ्या, तलावातले मासे विकणाऱ्या एका बाईने. कुत्री नेतील म्हणून तिने जाळ्याची नायलॉन दोरी त्याच्या कमरेला बांधली. पिल्लू वाढत गेलं. दोरी कुणी सैल केली नाही, आणि हळूहळू कातडी तिच्यावरून वाढली.

गाव त्याला देव म्हणायचं. ती पोट्टा म्हणायची.

आरतीची घंटा वाजली की तो हात जोडून बसायचा. लोक हसायचे, पाया पडायचे, बुंदी, पेढे, खोबरं द्यायचे. झाडाचं पान त्याने कधी तोंडात धरलं नव्हतं. वानराचं पोट पानांसाठी घडलेलं असतं. गोडाने ते सडतं. आमच्या डॉक्टरांनी हे गावकऱ्यांना समजावून सांगितलं, बरा करून जंगलात सोडू म्हणाले. एक म्हातारा म्हणाला की गावात काही वाईट झालं तर तुमच्या दारी येऊ. बाईने विचारलं, तुमी त्याले जंगलात काऊन सोडता, त्याले तं झाडावर चढताही येत नाई.

"शिकवू," डॉक्टर म्हणाले.

"तुमाले येते का चढता?"

सगळे हसले. डॉक्टरही हसले. ते अंगाने जाड होते.

त्याला दुसऱ्या कुणालाच धरता आलं नाही. शेवटी तिनेच त्याला कडेवर घेऊन पिंजऱ्यात ठेवलं आणि दार लागेपर्यंत हात आत ठेवला. मी पिंजऱ्याजवळ उभी होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला विचारलं, ही मुकी आहे का? तो म्हणाला, इंग्लिश शाळेतली आहे. म्हणजे दोन्ही एकच, असं काहीतरी ती पुटपुटली. मग माझ्याजवळ आली.

"मेला तर सांगजो. लपवू नको."

मी मान हलवली.

"मान नको हालवू. तोंडानं बोल."

"सांगीन," मी म्हणाले.

डॉक्टरांनी दोरी मांसातून तुकड्यातुकड्याने काढली. जखम भरली, पण कमरेभोवती केस परत आले नाहीत. पट्टा घातल्यासारखी उघडी कातडी राहिली. पानं तो हुंगून टाकून द्यायचा. पोट बिघडायचं, मग कोपऱ्यात गुडघ्यांत डोकं घालून बसायचा. आणि माझी चाहूल लागली की हात जोडायचा.

त्याने हात जोडले की काही द्यायचं नाही, पाठ फिरवायची, असं ठरलं होतं. ते काम माझ्याकडे होतं. मी पाल्याची टोपली घेऊन जायचे, तो हात जोडायचा, मी टोपली उचलून परत निघायचे. हात खाली आले की टोपली ठेवायची. मागे वळून पाहायचं नाही. सुरुवातीला मला जेवण जायचं नाही, पण तेही मी कुणाला सांगितलं नाही.

घंटेचा प्रश्न आम्ही सोप्या रीतीने सोडवला. आवारात घंटेसारखा कसलाही आवाज होऊ द्यायचा नाही. फोन बंद असायचे. फाटकाची लोखंडी कडी खणखणायची, तिला मी कापड गुंडाळलं. जेवणाचे स्टीलचे डबेसुद्धा आम्ही लांबच्या खोलीत उघडायचो.

शेजारच्या पिंजऱ्यात एक म्हातारी वानरी होती. मधली जाळी काढल्यावर बरेच दिवस तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. एका सकाळी मी पाला घेऊन गेले तर तो तिच्यापुढे पालथा पडला होता आणि ती त्याच्या कमरेवरच्या त्या उघड्या पट्ट्याच्या कडेचे केस एकेक करून निवडत होती. मी टोपली हातातच धरून उभी राहिले. त्या दिवशी त्याने हात जोडले नाहीत. पुढे आमच्यासमोरही कधी जोडले नाहीत. तो तिच्यामागे चढायला शिकला, तिच्या तोंडातलं पान ओढून खायला शिकला. माणूस दिसलं की वरच्या फांदीवर जाऊ लागला. मला पाहूनही जायचा. मला फार बरं वाटायचं, आणि थोडं वाईटही.

ती दोघं आणि केंद्रातली आणखी काही वानरं असा छोटा कळप धानोऱ्याकडच्या जंगलात सोडला. गाव लांब, रस्ता लांब, देऊळ नाही, गुरं येत नाहीत, असं बघून जागा निवडली होती. आम्ही दुर्बिणीने पाहायचो. म्हातारी पुढे, तो तिच्यामागे. मोहाच्या झाडावर तो शेंड्यापर्यंत जायचा. हळूहळू आम्ही जाणं कमी केलं. तशीच पद्धत असते.

मग त्या भागातल्या एका गावातून फोन आला.

आम्ही पोचलो तोवर गावाने त्याला आंघोळ घातली होती. लाल कापड, झेंडूचा हार, कपाळाला शेंदूर. खड्डा खणून तयार होता. वनरक्षकाचा पंचनामा व्हायचा म्हणून थांबले होते. डॉक्टरांनी कापड बाजूला केलं. कमरेभोवतीचा पट्टा दिसला आणि त्यांनी ते परत नीट झाकलं.

गुराख्याने सांगितलं. त्याच्या नेहमीच्या रानात वाघ फिरू लागला होता, म्हणून त्याने गुरं या बाजूला वळवली. पहिल्या दिवशी झाडांवर वानरं ओरडत होती आणि हा एकटा खाली उतरून वाटेत बसला. गुराख्याला गंमत वाटली, त्याने आपल्या डब्यातला भात दिला. दुसऱ्या दिवशी हा गुरांच्या मागे मागे गावाच्या शिवेपर्यंत आला. तिथे कुत्री होती.

"झाड जवळच होतं बाई. पळला नाई. हात जोडून बसून राह्यला."

त्याची गाय तिथेच बांधलेली होती. तिने माशा हाकलायला मान झटकली आणि तिच्या गळ्यातली पितळी घंटा वाजली.

डॉक्टर जमिनीवर बसले. म्हणाले, "आपण घंटा बंद ठेवली. घंटा वाजली तरी काही मिळत नाही, हे त्याला दाखवायला हवं होतं." गावाने आरती केली. ते फार मनापासून गात होते.

परतताना डॉक्टर म्हणाले की त्या बाईंना फोनवर निरोप देऊ. मी म्हणाले, मी जाते.

एसटीत मी वाक्यं जुळवत बसले. वारला, गेला, वाचवू शकलो नाही. ती तलावाच्या काठावर मासे साफ करत होती. मला ओळखून म्हणाली, "मुकी आली. पोट्टा कसा आहे माहा?"

"मेला," मी म्हणाले.

ती हातातला मासा धरूनच राहिली. मग विचारलं, चढत होता का झाडावर? मी सांगितलं, शेंड्यापर्यंत. पाला खात होता का? खात होता. एका म्हातारीने त्याला जवळ केलं होतं, तेही सांगितलं. ती ऐकताना मान डोलवत होती, जणू सासरी गेलेल्या लेकीची हकिगत ऐकत होती. मग म्हणाली, "मंग कुत्र्यापासून पळला काऊन नाई?"

कुत्र्यांचं मी अजून सांगितलं नव्हतं. तिने ते आपणच ओळखलं होतं. तिला पहिल्यापासून भीती कुत्र्यांचीच होती. मला तिथेच थांबता आलं असतं. पण लपवू नको म्हणाली होती. मी सगळं सांगितलं, गाय, घंटा, वाट, हात. इतकं सलग मी कुणाशीच बोलले नव्हते. मध्ये एकही इंग्रजी शब्द आला नाही.

तिने मासा खाली ठेवला आणि हात पाण्यात बुडवले.

"हात जोडाले म्याच शिकवलं होतं त्याले," ती म्हणाली. "माह्या एकटीच्या हातचं पुरत नव्हतं. लोक देत होते मनून."

मी तिच्याशेजारी बसले. दिवस कलला. पाळीवर देवळात घंटा वाजू लागली. कपडे धुणाऱ्या बायांनी पिळे खाली ठेवून हात जोडले, वाटेवरचा सायकलवाला एक पाय टेकून थांबला. ती तशीच बसली होती. तिचे दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात होते. घंटा थांबेपर्यंत तिने ते बाहेर काढले नाहीत.