काकूची भाऊबीज, व्हाया बोर धरण

बोर धरणाला कसं जायचं, असं बरेच जण विचारतात. सोपं आहे. वर्ध्याहून सेलू, सेलूहून हिंगणी आणि पुढे धरण. रस्ता आता गुळगुळीत आहे, व्याघ्रप्रकल्प असल्यामुळे सफारीची सोय आहे, हिवाळ्यात गेलात तर पाणी भरलेलं आणि हवा झकास. स्वतःची बोट घेऊन जायचा विचार मात्र कोणी करू नका. तो उद्योग आमच्या घरानं ऐंशीच्या दशकात एकदा करून पाहिलेला आहे.

आम्ही अल्लीपूरचे. काकाजी म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, भाजीपाला पिकवायचे. काकूचं माहेर धरणाच्या पलीकडच्या काठावर. धरण झालं आणि तिचं माहेर पाण्यानं लांब लोटलं. आधी बस, मग दुसरी बस, मग जंगलातली पायवाट. म्हणून दर भाऊबीजेला तिचे दादाच आमच्याकडे यायचे. त्या वर्षी दादा माळ्यावरून पडले आणि पाय प्लास्टरमध्ये. काकूनं ते ऐकलं आणि दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. त्यांना दुसरी बहीण नव्हती.

काकाजींना बायकोचं गप्प राहणं सोसत नसे. ते कामाच्या निमित्तानं मुंबईला गेले आणि येताना ट्रकवर फायबरची एक लालभडक बोट घालून आले. दुकानात साधं, लहान इंजिनही होतं म्हणे. पण घ्यायचं तर जोरदार, हा त्यांचा स्वभाव. चाळीस घोड्यांचं इंजिन, पाठीमागे लटकवायचं.

"पाण्यावर अर्ध्या घंट्यात तुह्या माहेरी," त्यांनी जाहीर केलं.

काकू म्हणाली, "पह्यले काठाले बरोबर लावून दाखवा. मंग बसीन."

पाडव्याला पहाटे गाईबैलांची पूजा उरकून आम्ही निघालो. भाड्याच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बोट, बोटीत गवताच्या गादीवर काकू आणि मी. मला नेलं कारण मी कॉलेजात होते आणि बोटीसोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं. वर्ध्यात पेट्रोल भरलं, त्यात ऑइल मिसळलं, गोरसपाकाच्या बिस्किटांचे दोन पुडे घेतले. चौकाचौकात लोक थांबायचे. एका सायकलवाल्यानं काकाजींना विचारलंच, "काय हो, नवरदेव बसवाची गाडी होय का?"

"बोट होय."

"मंग इकडे काऊन आणली? समुद्र तिकडे हाय ना."

सेलूच्या स्टँडवर तर्रीपोहे खाल्ले. तिथं तर ट्रॉलीभोवती अशी गर्दी जमली की काकाजींनी ताठ होऊन मिशीला पीळ दिला. तोवर त्यांनी बोट पाण्यात पाहिलेलीही नव्हती. हिंगणीनंतर रस्ता म्हणजे खड्ड्यांची रांगच होती, पण दोन्ही बाजूंना सागाची गर्द झाडी. झाडी संपली आणि समोर एकदम ते पाणी दिसलं. काकू ट्रॉलीत उभी राहिली. पलीकडच्या काठावरच्या एका चिंचेकडे बोट दाखवून म्हणाली, "ते आमचं घर." मला चिंचही नीट दिसत नव्हती.

नवीन वाहनाची पूजा आलीच. नारळ फुटला, हळदकुंकू वाहिलं, आणि मग लिंबू कुठं ठेवायचं यावर घोडं अडलं. चाकाखाली ठेवावं तर चाकच नाही. शेवटी काकाजींनी ते बोटीच्या नाकासमोर पाण्यात सोडलं. ते तरंगत तरंगत आमच्याआधीच निघून गेलं.

पुस्तकात पहिल्याच पानावर लिहिलं होतं, ते मी मोठ्यानं वाचून दाखवलं: दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, उजवीकडे ढकलला की डावीकडे. आणि दांड्याची मूठ पिळली की वेग वाढतो, उलटी पिळली की बोट थांबते.

"समजलं," काकाजी म्हणाले.

समजलं होतं ते डोक्याला. हात वेगळंच शिकलेले होते. जन्मभर बैल हाकलेला माणूस. कासरा डावीकडे ओढला की बैल डावीकडे, हे त्यांच्या मनगटात मुरलेलं. काकाजी एकटेच बसले, बोट सुटली, नाक आभाळाकडे वर झालं. समोर बुडालेल्या झाडाचा खुंट आला आणि काकाजींनी त्याला चुकवायला दांडा ओढला. बोट सरळ खुंटाकडेच वळली. ते घाबरले. घाबरल्यावर शेतकरी काय करणार? बैल थांबवावा तसं मागे रेलून, दोन्ही हातांनी दांडा खेचून ओरडले, "हो, हो, हो!" त्या खेचण्यात मूठ आणखी पिळली गेली. थांबायची ती बोट दुप्पट जोरात उसळली, खुंटाला घासून गेली आणि लव्हाळ्यात जाऊन रुतली. मी काठावर पुस्तक हातात धरून हसत होते. काकू हसत नव्हती, ती नीट पाहत होती.

दिवस मावळेपर्यंत तेच चाललं. "बैल असता तर ऐकला असता," असं पुटपुटत काकाजी चिंब होऊन बाहेर आले. मुक्कामाला आम्ही हिंगणीला एका सोयऱ्याकडे गेलो. जेवायला गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे आणि वांग्याची भाजी होती. तसे रोडगे मी पुन्हा खाल्लेले नाहीत. काकाजींनी मात्र अर्धा रोडगा ताटातच ठेवला. त्यांना इंजिनची फिकीर नव्हती. शब्द दिला होता, आणि उद्या भाऊबीज होती.

सकाळी काकू हिरवं लुगडं नेसून, ओवाळणीचं ताट फडक्यात बांधून काठावर आली आणि बोटीत बसली. तिची अट पुरी झालेली नव्हती, तरी बसली. काकाजींचा चेहरा पडला. त्यांना वाटलं, आता आपल्या हातून हिचं काही बरंवाईट होणार. मी मधल्या फळीवर, जीव मुठीत धरून.

इंजिन सुरू झालं. थोडं पुढे गेलो न गेलो, तर समोर कालचाच खुंट, आणि काकाजींचा हात पुन्हा चुकीच्या बाजूला. काकूनं सरळ त्यांच्या हातावर हात ठेवून दांडा उलटा ढकलला. खुंट बाजूनं निघून गेला.

"सरका," ती म्हणाली.

"तुले कसं जमन?"

"मी काल दिवसभर पाहून राह्यली होती. तुमी जिकडे ओढता, तिकडे ते जात नाई. आन् माह्या हातात कासरा कधी देला होता तुमी? मले मोडाले सवयच नाई."

काकाजी सरकले. काकूनं दांडा धरला, पदर दातात पकडला आणि चिंचेवर नजर लावली. ती मूठ पिळत गेली. बोट पाण्यावर आपटत, उडत निघाली. वाऱ्यानं माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. काकाजी दोन्ही हातांनी कडा धरून तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांनी तिला असं कधी पाहिलं नसावं. मीही नव्हतं पाहिलं.

पलीकडे दादा बाजेवर पाय लांब करून बसले होते. आवाज ऐकून त्यांनीच बाज काठाशी आणवली होती. बोट वेग कमी न करता थेट चिखलात चढली आणि बाजेपासून हाताच्या अंतरावर थांबली. फडकं सुटून ताटातलं कुंकू आमच्या सगळ्यांच्या अंगावर.

दादा तिच्याकडे पाहतच राहिले. मग म्हणाले, "येवढ्या जोरात कोनी माहेरी येते काय व बाई?"

काकूनं उरल्या कुंकवाचा टिळा लावून ओवाळलं. दोघंही रडले, आणि मग मीही.

पुढच्या दिवाळीआधी दादा गेले. ती त्यांची शेवटची भाऊबीज ठरली. बोट नंतर काकाजींनी विकून टाकली. गावात लोक त्या खरेदीवरून त्यांची टिंगल करत, तेव्हा ते फक्त हसायचे.

मागे मी धरणावर जाऊन आले आणि घरी येऊन काकूला फोटो दाखवले. ती आता फार थकली आहे. पाणी ओळखलं, चिंच शोधत राहिली, सापडली नाही. मी सहज विचारलं, "काकू, त्या दिवशी वेग कमी काऊन नाई केला?"

"थांबवाचं कसं ते मले ठाऊकच नोतं," ती म्हणाली. "तू पुस्तक वाचून राह्यली होती, तवा मी तेवढंच आयकलं नाई. आयकलं असतं, तर अधीमधी थांबली असती मी."