पाहुण्याला ‘नाई’ म्हणू नये

मरकागुड्याच्या सोनीबाईने शेळ्यांना हाक मारली, की नाल्यापलीकडच्या परक्या शेळ्याही माना वळवायच्या, असा तिचा आवाज. अहेरीचा बाजार गाठायला अर्धा दिवस चालावं लागे, अशा त्या जंगलगावात शाळा भरत होती ती हिच्याच गोठ्यात. नवरा गेल्यावर तिने गोठा सारवून मुखरू मास्तरांच्या हवाली केला. लेक इतवारी तिसरीत होती. ती वाचायला बसली की सोनीबाई दाराशी येऊन बसे. कळत काही नसे, पण लेक अडखळली की हिचा श्वास अडके.

त्रेपन्न सालच्या हिवाळ्यात मास्तरांनी सांगितलं, चांद्याहून साहेब येणार, घरोघरी प्रश्न विचारणार, आणि त्यावर शाळेचं राहणं-जाणं ठरणार.

दारात आलेला माणूस घरचं पाणी पिऊन उठेपर्यंत त्याला ‘नाई’ म्हणायचं नाही, ही गावची रीत. तरी सोनीबाई संध्याकाळी दारोदार फिरली.

“पाव्हना येऊन राह्यला. खाट टाका, पानी द्या, अन् जे इचारन त्याले हो म्हना.”

“अन् माही बायको मागतली त?” गावातला थट्टेखोर चैतू म्हणाला.

“तुह्या बायकोले तूच कंटाळला, दुसरा काऊन मागन? हो म्हन!”

साहेबांनी सुरुवात सोनीबाईपासूनच केली. मास्तरांना त्यांनी लांब उभं केलं होतं.

“मुलांना शाळेत पाठवल्याने घरच्या उद्योगात व्यत्यय येतो काय?”

तिला येत होती ती बाजारातली मराठी.

“हो जी.”

“शाळेऐवजी मुलांनी वनोपज गोळा करावे, असे आपले मत आहे काय?”

“हो जी, हो!” म्हणत तिने चारोळीची वाटी पुढे केली.

मास्तरांना राहवलं नाही. “साहेब, शाळा पाहिजे का, एवढं सोपं विचारा ना.”

“ते छापलेलं नाही. आणि सगळे होकार ‘शाळा नको’ या एकाच बाजूचे ठेवलेत, बेरजेला बरं पडतं. तुम्ही लोकांना पढवू नका.”

गावभर हो-हो झालं. उन्हाळ्यात शाळा उठली. जाताना मास्तरांनी सोनीबाईला एकेका प्रश्नाचा अर्थ सांगितला.

“म्हंजे म्याच मोडली,” ती एवढंच म्हणाली.

गोठ्यात पुन्हा शेळ्या बांधल्या गेल्या. ती पाण्याला निघाली की चैतू ओरडे, “हो म्हना होऽऽ!” आणि बायका हसत. पहिल्या वर्षी इतवारी कोळशाने गोठ्याच्या भिंतीवर पूर्ण नाव लिहायची. पुढे पुढे पहिलं अक्षर तेवढं उरलं.

चार वर्षांनी पुन्हा साहेब येणार अशी खबर आली. सोनीबाई पुन्हा दारोदार गेली. रीत मोडायला सांगताना तिचा मोठा आवाज पार बसला होता.

“या खेपेले कोनी हो म्हनाचं नाई. काईबी इचारो, नाई म्हना. पाप लागन त मले लागन.”

या वेळी चैतूनेही थट्टा केली नाही. त्याचीही दोन पोरं आता शाळेच्या वयाची झाली होती.

हा साहेब तरुण होता. प्रश्न त्याने गावच्या बोलीत लिहून आणले होते. जंगलाच्या वाटेने आला, म्हणून चैतूचं घर पहिलं लागलं आणि सोनीबाईचं शेवटचं.

“बाई, गावात शाळा पाहिजे काय?”

प्रश्नातला शब्द न् शब्द तिला कळला. मग तोंडातून निघालं, “हो! पाहिजे जी!”

साहेबाने मागची पानं चाळली. “अख्खं गाव नाई म्हणते, बाई. पोरांचं शाळेवाचून काई अडत नाई म्हणते.”

“म्याच सांगतलं त्याईले नाई म्हना म्हनून! पुन्हा इचारा जी, चला, मी येतो संगं.”

“एका घरी दोनदा विचारता येत नाही,” तो समजुतीने म्हणाला. “आणि तुम्ही मन राखायला हो म्हणता, ते ठाऊक आहे. आम्हाला ते शिकवूनच पाठवतात.”

“मन नाई राखत जी! पोरीची आन! शाळा पाहिजे!”

“बघा, किती वेळा हो म्हणाल,” तो हसला आणि तिच्या नावावर आडवी रेघ ओढली. मग घाम पुसत त्याने विचारलं, “पानी मिळन काय, बाई?”

सोनीबाईने खाट टाकली आणि पाणी आणून दिलं.