फुंका आणि किल्ली घ्या

हडपसरला आमच्या ट्रॅव्हल्सचं यार्ड आहे आणि मी तिथला सुपरवायझर. रोज सकाळी आमच्या बस आयटीवाल्यांना खराडीला पोचवतात. त्याआधी प्रत्येक ड्रायव्हर माझ्यासमोर ब्रेथ ॲनालायझरमध्ये फुंकतो. हिरवा दिवा लागला तर किल्ली, लाल लागला तर घरी! पोरं त्या यंत्राला 'फुंकणी' म्हणतात. रोज इतकी माणसं फुंकणार म्हटल्यावर किस्से साचणारच.

*

आमच्या तानाजीचा हात स्टिअरिंगवर झकास, पण रात्रीची त्याला लागायचीच. एकदा तो लवंगा, वेलदोडे आणि वर मघई पान कोंबून आला. दिवा लाल!

"साहेब, वास तरी येतोय का?"

"अरे, दारू पोटातून रक्तात गेली, रक्तातून फुप्फुसात. तिथे पान कसं पोचवणार?"

*

जोशीकाका शनिवार पेठेतले, निवृत्तीनंतर हौसेने बस चालवणारे. आयुष्यात थेंब घेतला नाही. एका सकाळी त्यांचाच दिवा लाल!

काका शांतपणे म्हणाले, "आधी यंत्राला तपासा. तेच घेऊन आलेलं दिसतंय."

काकांनी गेटवर माउथवॉशच्या गुळण्या केल्या होत्या. त्यातलं अल्कोहोल नुसतं तोंडात होतं, थोड्या वेळात उडालं आणि दिवा हिरवा झाला.

*

दुसऱ्याच दिवशी तानाजीचा लाल. "साहेब, माउथवॉश!"

थांबवून ठेवला. पुन्हा लाल.

"तानाजी, तुझा माउथवॉश पोटात गेला की रे!"

*

पुढच्या खेपेला तानाजी काळी कॉफी ढोसून, यार्डाला पळत फेऱ्या मारून आला. तरी लाल.

"लिव्हर म्हणजे सरकारी खातं," मी म्हणालो. "घाई केलीस म्हणून फाईल पुढे सरकत नाही."

मॅनेजरने मात्र सुनावलं, आता एकदा जरी लाल लागला तरी बस कायमची जाईल. तानाजी रडवेला झाला. मलाही वाईट वाटलं.

*

त्याने सोडली. खरंच सोडली! पण त्याच्या बायकोचा, मालनवहिनींचा, विश्वास बसेना. परवा माझ्या वाढदिवसाची पार्टी झाली आणि दुसऱ्या सकाळी तानाजी व्हिडिओ कॉल चालू ठेवूनच फुंकायला आला. पार्टीहून घरी गेला तेव्हा शर्टाला दारूचा वास येत होता म्हणे. स्क्रीनवर वहिनी, शेजारी भरलेली बॅग. लाल लागला असता तर बसही गेली असती आणि बायकोही माहेरी.

तानाजीने डोळे मिटून फुंकलं. हिरवा!

वहिनींनी पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मग त्या शर्टाला वास कुणाचा होता? अहो साहेब, आता तुम्ही फुंका बरं!"

सगळे ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागले.

"वहिनी," मी म्हणालो, "मी आत्ताच माउथवॉश केलाय!"